घरच्या जनरेटरला एटीएस बसवताना: सेल्फ, न्यूट्रल, सेन्सिंग आणि चाचणी

प्रश्न थोडक्यात असा: घराला २३० व्होल्ट सिंगल फेज पुरवठा आहे. मीटरनंतर ६३ अँपिअरचा डबल पोल एमसीबी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा ब्रेकर) आहे. साडेसात केव्हीएचा, चावीने सुरू होणारा डिझेल जनरेटर डीबीपासून (घराच्या वितरण पेटीपासून) साधारण २५ मीटरवर ठेवलेला आहे आणि मध्ये हाताने फिरवायचा चेंजओव्हर आहे. तो काढून त्या जागी ६३ अँपिअरचा एटीएस (वीज गेली की आपोआप फिरणारा चेंजओव्हर) लावला की झालं का?

नाही. एटीएस लोड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर नेतो, एवढंच. जनरेटरला सेल्फ कोण मारणार, इंजिन लागल्यावर सेल्फ कोण सोडणार, तीन प्रयत्नांत लागलं नाही तर कोण थांबणार, हे बहुतेक एटीएसच्या डब्यात नसतं. म्हणून आधी जनरेटर तपासा, मग न्यूट्रलचा निर्णय घ्या आणि त्यानंतरच स्विच विकत घ्या. उलट्या क्रमाने गेलेली कामंच पुढे त्रास देतात.

जनरेटरच्या पॅनेलवर दोन तारांच्या ऑटो स्टार्टची सोय आहे का ते पाहा. दोन टर्मिनल जोडली की इंजिन लागतं आणि सोडली की बंद होतं, अशी ती सोय असते. ती असेल तर एटीएसमधला कोरडा कॉन्टॅक्ट थेट तिथे येतो. कोरडा म्हणजे त्यावर स्वतःचं व्होल्टेज नसलेला. या टर्मिनलवर चुकून २३० व्होल्ट गेले तर जनरेटरचा कंट्रोलर त्याच क्षणी जळतो, त्यामुळे जोडण्याआधी मीटरने तपासून घ्या. नुसती चावी असेल, तर जनरेटरवर एएमएफ कंट्रोलर (वीज गेली की इंजिन आपोआप सुरू करणारा) बसवावा लागेल. तो सेल्फ मारतो, अल्टरनेटरची फ्रिक्वेन्सी दिसू लागली की सेल्फ सोडतो, ऑइल प्रेशर आणि तापमानाचे स्विच वाचतो आणि इंधनाचा सॉलेनॉइड (विजेने हलणारा, इंधन चालू-बंद करणारा खटका) हाताळतो. सॉलेनॉइड कोणत्या जातीचा आहे तेही आधी बघा. काहींना इंजिन चालू ठेवायला वीज लागते, काहींना बंद करायला. दुसऱ्या जातीत बॅटरी बसली की इंजिन बंदच होत नाही. पेट्रोल जनरेटर असता तर चोक आपोआप ओढण्याचीही व्यवस्था लागली असती. दोरीने सुरू होणाऱ्या जनरेटरच्या बाबतीत एटीएसचा नाद सोडलेला बरा, तिथे चांगला हाताचा चेंजओव्हरच योग्य.

काही कंपन्यांच्या जनरेटरमध्ये मेन्स (वीज कंपनीचा पुरवठा) आहे की गेली हे जनरेटरचाच कंट्रोलर बघतो आणि एटीएस त्याच्या हुकमाने हलतो. अशा जनरेटरला स्वतःची बुद्धी असलेला एटीएस लावला की दोन कंट्रोलर एकमेकांशी भांडतात. निर्णय घेणारा एकच असावा.

आता स्विच. बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. एक, दोन कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढले जाणारे स्विच) एका पाटीवर बसवलेले. दुसरा, मोटरने किंवा सॉलेनॉइडने फिरणारा खरा चेंजओव्हर. दुसरा घ्या. कॉन्टॅक्टरच्या प्रकारात मेन्सचा कॉन्टॅक्टर दिवसभर ओढलेला राहतो, कॉइल तापते, गुणगुणते आणि व्होल्टेज खाली गेलं की फडफडते. फडफडताना कॉन्टॅक्ट जळतात आणि कधी चिकटतातही. मेन्सचा कॉन्टॅक्टर चिकटलेला असताना जनरेटरचा ओढला गेला, तर जनरेटरची वीज उलटी लाइनवर जाते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर उलट दिशेनेही तसाच काम करतो. आपले २३० व्होल्ट पलीकडे हजारो व्होल्ट होतात, आणि लाइन बंद आहे असं समजून एखादा लाइनमन खांबावर चढलेला असू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंमध्ये यांत्रिक इंटरलॉक हवाच. नुसता वायरिंगमधला इंटरलॉक पुरेसा नाही. स्विचवर आयईसी ६०९४७-६-१ हे मानक आणि पीसी की सीबी हा वर्ग छापलेला असतो. पीसी वर्गाचा स्विच शॉर्ट सर्किटचा प्रवाह सोसतो, पण तोडत नाही. म्हणून त्याच्या दोन्ही इनकमिंगला आधी ब्रेकर लागतो. सीबी वर्गात तो आतच असतो. मोटर, पंप, एसी अशा मिश्र लोडसाठी एसी-३३ गटाचं रेटिंग बघून घ्यावं, एसी-३१ वर भागवू नये. हाताने फिरवायचं हँडल आणि मधली बंद स्थिती असणं गरजेचं आहे. कंट्रोलर बिघडला तर तेच हँडल उपयोगी पडतं.

रेटिंग दोन बाजूंपैकी मोठ्या बाजूचं धरायचं. साडेसात केव्हीए म्हणजे ७५०० भागिले २३०, साधारण ३२ अँपिअर. मेन्स मात्र ६३ ची आहे, त्यामुळे स्विच ६३ चाच हवा, आणि तोही डबल पोल. खरी अडचण वेगळीच आहे: ६३ अँपिअरच्या सवयीचं घर ३२ अँपिअरवर चालवायचं आहे. ०.८ पॉवर फॅक्टरने साडेसात केव्हीए म्हणजे सहा किलोवॉट. दोन किलोवॉटचा गीझर, दीड टनाचा एसी आणि एक एचपीचा पंप एकत्र आले की जागाच उरत नाही. त्यातही पंप सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच ते सात पट ओढतो. चालताना सहा-सात अँपिअर, सुरू होताना क्षणभर चाळीसच्या आसपास. जनरेटर दबतो, दिवे मंदावतात आणि कंट्रोलरला वाटतं की जनरेटरच गेला.

उपाय दोन. एक, जनरेटरवर चालायची सर्किटं वेगळ्या डीबीत काढून एटीएस फक्त त्या डीबीच्या आधी लावणं. दुसरा, एटीएस पूर्ण घराला ठेवून गीझर आणि मोठे एसी जनरेटरवर असताना तोडणं. दुसऱ्या उपायात २५ अँपिअरचा एकेक कॉन्टॅक्टर पुरतो, पण त्याची कॉइल कुठून द्यायची यात अनेक वायरमन फसतात. सोपं म्हणून ते कॉइल मेन्सच्या इनकमिंगवरून देतात. मेन्स गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, वरवर सगळं बरोबर दिसतं. पण मेन्स परत येते तेव्हा एटीएस लगेच उलटत नाही, तीन-पाच मिनिटं जनरेटरवरच राहतो. तेवढ्यात मेन्स मिळालेला कॉन्टॅक्टर गीझर ओढून घेतो आणि तो भार जनरेटरवरच पडतो. म्हणून कॉइलचा फेज एटीएसच्या सहायक कॉन्टॅक्टमधून, म्हणजे स्विच खरोखर मेन्सच्या बाजूला असतानाच जोडला जाणाऱ्या कॉन्टॅक्टमधून घ्या.

न्यूट्रलवर जरा थांबतो, कारण आरसीसीबीच्या (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात फरक दिसला की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) निम्म्या तक्रारी इथून निघतात.

तुमच्या पुरवठ्याचा न्यूट्रल वीज कंपनीच्या बाजूला जमिनीशी जोडलेला असतो. जनरेटर हा स्वतंत्र उगम आहे. त्याच्या न्यूट्रलचं काय करायचं हे तुम्हाला ठरवायचं असतं. तो कुठेच अर्थला जोडला नाही तर तो तरंगता राहतो. अशा वेळी फेजची तार एखाद्या उपकरणाच्या बॉडीला लागली तरी प्रवाहाला जनरेटरकडे परतायला वाट नसते. आरसीसीबीला फरक दिसत नाही, तो पडत नाही, आणि दोष तसाच दबा धरून बसतो. कायम बसवलेल्या डिझेल जनरेटरचा न्यूट्रल म्हणून एकाच ठिकाणी अर्थला जोडावा: जनरेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये किंवा एटीएसच्या जनरेटर इनकमिंगवर. दोन्हीकडे नको. न्यूट्रल अर्थला जोडला की एटीएसने तो तोडणंही आलंच. सिंगल फेजला डबल पोल, थ्री फेजला फोर पोल. न्यूट्रल दोन्ही बाजूंचे एकत्र लिंक करून फक्त फेज बदलला, तर परतीचा प्रवाह न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वाटला जातो. आरसीसीबी एटीएसच्या अलीकडे, इनकमिंगवर असेल तर जनरेटरवर लोड गेल्याबरोबर तो विनाकारण पडतो, ही त्याची खूण.

छोट्या, हाताने उचलण्याजोग्या काही जनरेटरांत वाइंडिंगचा मध्यबिंदू बॉडीला जोडलेला असतो, मग दोन्ही तारा अर्थपासून साधारण ११५ व्होल्टवर दिसतात. अशा जनरेटरची एक तार न्यूट्रल समजून अर्थला बांधली तर अर्धं वाइंडिंग शॉर्ट होतं. आधी मोजा, मग जोडा.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून समाधान मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्या बटणाचं सर्किट आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये असतं. जनरेटरचा न्यूट्रल तरंगता असला तरी बटणाने आरसीसीबी व्यवस्थित पडतो. म्हणजे जनरेटरवर अर्थचं संरक्षण आहे की नाही याबद्दल ते बटण काहीच सांगत नाही. जनरेटर चालू असताना फेज ते अर्थ मोजा: २३० च्या आसपास यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत हवेत. फेज ते अर्थ ९०-१३० असं काहीतरी अधांतरी दिसलं तर न्यूट्रल जोडलेला नाही, किंवा जोडणी कुठेतरी सुटली आहे. त्यानंतर आरसीसीबी टेस्टरने सॉकेटवर खरी चाचणी घ्या. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एटीएसच्या पुढे, घराच्या बाजूला असू द्या. तो मीटरजवळच असेल तर जनरेटरवर घर उघडं पडतं.

वेगळी डीबी काढताना सर्किटचा फेज हलवला आणि न्यूट्रल जुन्याच बारवर राहिला, ही दुसरी नेहमीची चूक. जिन्याच्या टू-वे दिव्यांत तर एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल अशी उसनवारी सर्रास सापडते. डबल पोल एटीएस लावल्यावर तो दिवा जनरेटरवर लागतच नाही किंवा आरसीसीबी पाडतो. एकेका सर्किटचे फेज आणि न्यूट्रल एकत्र क्लॅम्प मीटरमध्ये धरून लोड द्या. वाचन शून्याजवळ यायला हवं. नाही आलं तर उसना न्यूट्रल शोधूनच पुढे जा.

केबलचा हिशेब सरळ आहे. १० चौरस मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला १.८३ ओहम आहे. २५ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ५० मीटर, ०.०९ ओहम. ३२ अँपिअरला जवळजवळ ३ व्होल्ट पडतात, तार तापल्यावर साडेतीन. ६ चौरस मिमी घेतली तर ५ ते ६ व्होल्ट पडतात. कागदावर तेही चालतं, पण पंप सुरू होतानाची दमछाक बघता इथे १० चीच केबल टाकावी. मेन्सच्या बाजूला ६३ अँपिअरसाठी १६ चौरस मिमी तांबं. येणारी सर्व्हिस केबल अॅल्युमिनिअमची असेल तर तांब्याच्या टर्मिनलला बायमेटल लग लावा, नाहीतर तो जोड कालांतराने सैल होतो, तापतो आणि जळतो. जनरेटरजवळचं शेवटचं टोक लवचिक कंड्युटमधून न्या, कंपनाने ताठ केबलचे लग तुटतात. बॉडीला दोन वेगळ्या अर्थ जोडण्या द्या.

जनरेटरच्या बाजूचा ब्रेकर ३२ अँपिअरचा, शक्यतो बी कर्व्हचा. मेन्सवर शॉर्ट झाला की शेकडो-हजारो अँपिअर मिळतात आणि सी कर्व्हचा एमसीबी लगेच पडतो. छोटा अल्टरनेटर शॉर्टमध्ये रेटिंगच्या तीन-चार पटीपुढे फारसा जात नाही, आणि साध्या एव्हीआरचं (अल्टरनेटरचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या सर्किटचं) व्होल्टेज कोसळलं की तेवढंही नाही. सी कर्व्हला झटक्यात पडायला पाच ते दहा पट लागतात, बी कर्व्हला तीन ते पाच. ३२ चा सी कर्व्ह जनरेटरवर शॉर्ट बघत नुसता बसून राहू शकतो.

प्रत्यक्ष जोडणीआधी मेन एमसीबी बंद करा, जनरेटरच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि दोन्ही इनकमिंगवर मीटर लावून वीज नाही याची खात्री करा. मेन एमसीबीच्या वरची बाजू तेव्हाही जिवंतच असते. तिथे हात घालायचा तर पुरवठा वीज कंपनीकडूनच बंद करून घ्यावा लागतो. हे काम परवानाधारक माणसाचं आहे, त्यात तडजोड नको. पॅनेल मेन डीबीशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, कोरड्या जागी लावा, जनरेटरच्या खोलीत नको. स्विचची तीन टोकं, म्हणजे मेन्स, जनरेटर आणि लोड, जोडणीच्या आधीच चिठ्ठ्या लावून ठेवा. लग क्रिंप करूनच लावा आणि स्क्रू कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांनी वीज बंद करून एकदा परत तपासा.

सेन्सिंगच्या तारा दोन अँपिअरच्या फ्यूजमधून, आणि स्विचच्या अलीकडून, म्हणजे इनकमिंगवरून घ्यायच्या. मेन्सचं सेन्सिंग चुकून लोडच्या टर्मिनलवरून घेतलं तर मजेदार प्रकार होतो: जनरेटर लोडवर येतो, कंट्रोलरला वाटतं मेन्स आली, तो उलटतो, तिथे काही नसतं, परत जनरेटरकडे. काट्यासारखा इकडून तिकडे हलत राहणारा एटीएस दिसला की सगळ्यात आधी हीच तार बघा. थ्री फेज असेल तर तिन्ही फेजचं सेन्सिंग घ्या, एकाच फेजवर लक्ष ठेवलं तर दुसरा गेलेला कळत नाही. शिवाय आर-वाय-बी क्रम दोन्ही बाजूंना सारखा हवा, नाहीतर जनरेटरवर मोटर उलटी फिरते. स्टार्टच्या दोन तारा दीड चौरस मिमीच्या, पॉवर केबलपासून वेगळ्या पाइपात न्या. मेन्स असताना उघडा आणि गेल्यावर आपोआप जुळणारा कॉन्टॅक्ट वापरा, म्हणजे कंट्रोलरची वीज गेली तरी जनरेटर लागतो.

सेटिंगमध्ये कंपनीचे आकडे तसेच ठेवू नका. मेन्स गेल्याचं मानायचं व्होल्टेज १८५ च्या आसपास आणि परत आल्याचं २०७ च्या वर. हे दोन आकडे जवळ आणले तर कमी व्होल्टेजच्या संध्याकाळी स्विच सतत खेळतो. वरची मर्यादा २६५. स्टार्टला पाच सेकंदांचा विलंब, म्हणजे क्षणिक झटक्याला इंजिन लागणार नाही. लागल्यावर लोड देण्याआधी डिझेलला १५-२० सेकंद. दोन बाजूंमधला बंद काळ किमान एक सेकंद ठेवा, फिरत्या मोटरचं उरलेलं व्होल्टेज तेवढ्यात मरतं. मेन्स परतल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबा, मग इंजिन रिकामं तीन मिनिटं थंड होऊ द्या. सेल्फचे तीन प्रयत्न, मध्ये दहा सेकंद विश्रांती.

फ्रिक्वेन्सीची खिडकी मात्र हमखास विसरली जाते. यांत्रिक गव्हर्नरचं इंजिन पूर्ण लोडवर ५० हर्ट्झ ठेवायचं तर रिकामं असताना ५२ ते ५२.५ वर फिरतं. कंट्रोलरची वरची मर्यादा ५१ असेल, तर जनरेटर मजेत चालू, व्होल्टेज छान, पण लोड काही केल्या जात नाही. ४७ ते ५३ ठेवा.

चाचणीत मेगर (तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा असेल तर ५०० व्होल्टचा, आणि त्याआधी कंट्रोलर व एव्हीआरची जोडणी सोडवूनच, अन्यथा दोन्ही जातील. दोन्ही बाजू बंद ठेवून हँडलने स्विच तिन्ही स्थितींत फिरवून बघा. मग मेन्सचा ब्रेकर पाडून पूर्ण फेरी होऊ द्या आणि घड्याळ लावून प्रत्येक विलंब मोजा. फेरी मध्येच मोडूनही बघा: जनरेटर लोडवर असताना त्याचा ब्रेकर पाडा, सेल्फ चालू असताना मेन्स परत द्या. शेवटी तासभर खरं लोड देऊन वीज तोडा आणि टर्मिनल किती तापलेत ते बघा. एकच टर्मिनल बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो लग काढून परत क्रिंप करा.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो एटीएसच्या पुढे येईल. त्याचा चार्जर जनरेटरवर आल्याबरोबर भार टाकतो, तो हिशेबात धरा. छतावर ग्रिडला जोडलेलं सोलर असेल तर ते एटीएसच्या लोडच्या बाजूला अजिबात नको. जनरेटरला ग्रिड समजून सोलर इन्व्हर्टर त्याच्याशी जुळतो, उन्हात घराचा वापर कमी असला की जास्तीची वीज अल्टरनेटरमध्ये उलटी ढकलतो, व्होल्टेज भडकतं आणि एव्हीआर जातो. त्याची जोडणी मेन्सच्या बाजूला, एटीएसच्या अलीकडे हलवा.

बसवून झाल्यावर सगळ्यात जास्त दगा बॅटरी देते. महिनोन्महिने उभ्या इंजिनची बॅटरी स्वतःच उतरते, म्हणून १३.५ ते १३.८ व्होल्टचा फ्लोट चार्जर लोडच्या बाजूवरून कायम जोडून ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा २० मिनिटं खऱ्या लोडवर चालवा, निदान ३० टक्के तरी. रिकामं फिरवलेलं डिझेल इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं इंधन धुराड्यात साचतं. धुराडं खिडक्या-दारांपासून निदान सहा मीटर दूर आणि वाऱ्याची दिशा बघून ठेवा. हाताने सुरू करताना माणूस शेजारी उभा असतो, इथे मध्यरात्री सगळे झोपेत असताना इंजिन लागणार आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म लावा.

आणि ऑइल बदलायला येणाऱ्या मेकॅनिकसाठी जनरेटरवर ठळक पाटी लावा: हे इंजिन न सांगता सुरू होतं. कंट्रोलर ऑफवर, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला, त्यानंतरच पट्ट्याला हात. काम झाल्यावर तार परत लावून कंट्रोलर ऑटोवर ठेवला का, ते घरातल्या कुणीतरी स्वतः बघायचं. एटीएस काम करत नाही म्हणून बोलावणं येतं तेव्हा बरेचदा तो नॉब मॅन्युअलवरच राहिलेला असतो.